‘मग मी सोडून काय मिळवलं?’ असं विचारणाऱ्या दादांसाठी

पत्र: माझा मोठा भाऊ 46 वर्षांचा आहे. वीसेक वर्षं त्याची तंबाखू आणि सिगारेट दोन्ही चालू होती. तीन वर्षांपूर्वी त्याने सगळं बंद केलं. गेल्या महिन्यात त्याच्या वाचनात आलं की, डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे रुग्ण वीस वर्षांत दुप्पट झाले आणि ज्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही, त्यांनाही आता घशाचा कॅन्सर होतो आहे. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद आहे, ‘न खाणाऱ्यालाही होतोय, मग मी सोडून काय मिळवलं?’ तो पुन्हा सुरू करेल की काय, याची मला धास्ती वाटते. हे आकडे खरे असतात का? हा कॅन्सर सगळीकडेच वाढतो आहे का? माझा मुलगा 12 वर्षांचा आहे. त्याच्यासाठी आत्तापासून काही करता येईल का?

ता. क. दादाच्या गालाच्या आतल्या बाजूला दोन महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे. दुखत नाही, म्हणून तो कुणाला दाखवत नाही.

उत्तर: ताई, तुम्ही जे ताजा कलमात लिहिलंय, ते पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं. बाकीचं सगळं नंतर. दादांना याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा तोंडाचे विकार बघणाऱ्या दंतवैद्यांकडे घेऊन जा. तीन आठवड्यांत न गेलेला तोंडातला कुठलाही चट्टा, व्रण किंवा गाठ दाखवायलाच हवी. ‘दुखत नाही’ हे थांबण्याचं कारण होऊच शकत नाही, कारण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत वाट पाहणं म्हणजे उपचार सगळ्यात सोपे असतात तो काळ हातचा घालवणं.

तिथे काय होईल तेही सांगते, म्हणजे दादांची टाळाटाळ कमी होईल. डॉक्टर उजेडात गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा बघतील. हातमोजे घातलेल्या बोटाने चट्टा चाचपतील, कडक लागतोय का ते पाहतील. मानेत गाठ आहे का, तेही बघतील. शंका वाटली तर जागा बधिर करून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती खूप जणांच्या मनात असते. तिला काही आधार नाही. असे पांढरे चट्टे बहुतेकदा कॅन्सर नसतात आणि पुढेही होत नाहीत. पण थोडे होतात, आणि कुठला होणार हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. चट्ट्यात लाल भाग मिसळलेला असेल तर धोका जास्त. तंबाखू सोडल्यावर असे चट्टे पुष्कळदा आपोआप विरतात. दादांचा मात्र सोडून तीन वर्षं झाल्यावर दिसला आहे. तेव्हा तो विरेल म्हणून थांबू नका.

आता आकड्यांबद्दल. मी बरीच वर्षं कॅन्सर नोंदणीच्या तक्त्यांवर काम करते आहे, त्यामुळे ‘दुप्पट’ हा शब्द दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, दुप्पट काय झालं? रुग्णांची संख्या, की दर?

समजा एका गावात वीस वर्षांपूर्वी 1 लाख लोक होते. त्यातले 20 हजार पन्नाशीच्या पुढचे, बाकी 80 हजार तरुण. पन्नाशीपुढच्यांत हा कॅन्सर वर्षाला लाखात 50 जणांना होतो आणि तरुणांत लाखात 5 जणांना, असं धरा. म्हणजे त्या वर्षी 10 आणि 4 मिळून 14 रुग्ण. आज त्याच गावात दीड लाख लोक आहेत आणि माणसं जास्त जगू लागल्याने त्यातले 50 हजार पन्नाशीपुढचे आहेत. प्रत्येक वयातला धोका होता तेवढाच आहे, तसूभरही वाढलेला नाही. तरी हिशेब होतो 25 आणि 5, म्हणजे 30 रुग्ण. संख्या दुपटीहून जास्त! लोकसंख्येने भागून दर काढला तरी तो लाखाला 14 वरून 20 वर गेलेला दिसतो. पण आजच्या माणसांची वयाची विभागणी वीस वर्षांपूर्वीसारखी धरून पुन्हा मोजलं, तर दर निघतो 14. जिथल्या तिथे.

या शेवटच्या आकड्याला वयानुसार समायोजित दर म्हणतात. वेगवेगळे देश आणि वेगवेगळी वर्षं एकमेकांशी ताडून पाहायची तर हाच आकडा घ्यावा लागतो. त्यासाठी सगळ्यांनी एकच ठरावीक वयोरचना वापरायची असते. जपानचे सेगी यांनी 1960 मध्ये अशी एक रचना मांडली, 1966 मध्ये इंग्लंडच्या डॉल यांनी ती थोडी बदलली, आणि कॅन्सरच्या जागतिक तक्त्यांत आजही तीच वापरतात. दादांनी वाचलेल्या मजकुरात दर वयानुसार समायोजित केला आहे असं लिहिलं नसेल, तर त्या ‘दुप्पट’वरून कुणाचा धोका वाढला की नाही, हे सांगता येणार नाही. रुग्णालयांच्या दृष्टीने मात्र ती वाढ खरीच असते. 14 ऐवजी 30 माणसांवर उपचार करायचे तर खाटा, डॉक्टर आणि रेडिएशनची यंत्रं 30 जणांना पुरतील एवढीच लागतात. म्हणून तो आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. ‘डोकं आणि मानेचा कॅन्सर’ हा एक आजार नाही. ओठ, गाल, जीभ, टॉन्सिल, नाकामागचा घसा, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला घसा, स्वरयंत्र, लाळग्रंथी अशा शेजारशेजारच्या जागांचे कॅन्सर त्यात एकत्र मोजले जातात. जगात दरवर्षी असे 9 लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. त्यांची कारणं वेगळी आहेत आणि आलेखांच्या दिशाही वेगळ्या आहेत. सगळ्यांची बेरीज करून एकच रेघ काढली की एक चढणारी आणि एक उतरणारी रेघ मिळून सपाट दिसते, आणि ‘काहीच बदललं नाही’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

स्वरयंत्राचा कॅन्सर घ्या. तो मुख्यतः धूम्रपानाचा आजार आहे, दारू जोडीला असेल तर आणखीच. अमेरिकेत 1965 मध्ये 100 प्रौढांपैकी 42 जण सिगारेट ओढायचे. आता हे प्रमाण 12 च्या आसपास आलं आहे. तिथे स्वरयंत्राच्या कॅन्सरचा दर अनेक वर्षं सतत उतरतो आहे. लोकांनी सिगारेट सोडली आणि पुढच्याच वर्षी दर घसरला, असं मात्र होत नाही. मध्ये दोन-तीन दशकं जातात, कारण आजचे रुग्ण हे कित्येक वर्षांपूर्वीच्या धुराचे असतात. आलेख वाचताना हे अंतर लक्षात ठेवावंच लागतं, नाहीतर चांगल्या उपायाचंही श्रेय त्याला मिळत नाही.

नाकामागच्या घशाचा कॅन्सर बहुतेक जगात दुर्मीळ. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात मात्र तो मोठा आहे. त्यामागे एपस्टाइन-बार नावाचा विषाणू, काही घराण्यांत उतरणारी प्रवृत्ती आणि लहानपणापासून खाल्ले जाणारे खारवलेले मासे अशी कारणं आहेत. हाँगकाँगमध्ये त्याचा दर गेल्या काही दशकांत बराच खाली आला.

तोंडाचा कॅन्सर वेगळाच. 2022 मध्ये जगभरात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 3 लाख 90 हजार नवे रुग्ण होते आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतातले. भारतात चघळायची तंबाखू आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती खूप जणांना माहीत नसते. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 मध्येच सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. दादांनी तंबाखू सोडून तिच्या जागी सुपारी धरली नाही ना, हे एकदा विचारा. पुष्कळ जण तेच करतात आणि त्यांना वाटतं की आपण सुटलो.

राहिला टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर. दादांनी ज्याबद्दल वाचलं तो हाच, आणि तो काही देशांत खरोखरच वाढला आहे. कारण आहे एचपीव्ही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याने होतो तोच हा विषाणू. अमेरिकेतल्या संशोधकांनी हवाई, आयोवा आणि लॉस एंजेलिस इथल्या नोंदणी केंद्रांत जपून ठेवलेले घशाच्या गाठींचे जुने तुकडे काढून त्यांत हा विषाणू शोधला. 1984 ते 1989 मधल्या तुकड्यांत तो सुमारे 16 टक्क्यांत सापडला आणि 2000 ते 2004 मधल्या तुकड्यांत सुमारे 72 टक्क्यांत. 1988 ते 2004 या काळात एचपीव्हीमुळे होणाऱ्या या कॅन्सरचा दर तिपटीहून अधिक झाला, आणि त्याच काळात एचपीव्ही नसलेल्या, म्हणजे मुख्यतः तंबाखू-दारूच्या कॅन्सरचा दर निम्मा झाला. एकाच जागेचा कॅन्सर, पण आतमध्ये दोन आजार. एक वर जातोय, दुसरा खाली. नुसती बेरीज पाहणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं.

नोंदणीच्या टेबलावर हे किती नाजूक असतं ते सांगते. जिभेच्या मुळाला सी-01 असा संकेतांक असतो, जिभेच्या पुढच्या भागाला सी-02. पुढचा भाग म्हणजे तोंड, मूळ म्हणजे घसा. रुग्णाच्या कागदावर डॉक्टरांनी घाईत नुसतं ‘जिभेचा कॅन्सर’ एवढंच लिहिलं, तर नोंद करणाऱ्याला ती सी-02 मध्ये, ‘जागा नमूद नाही’ अशी टाकावी लागते. म्हणजे घशाचा रुग्ण तोंडाच्या रकान्यात जातो. पुढे डॉक्टर नीट लिहू लागले, स्कॅन चांगले झाले, की घशाचा दर थोडा चढतो आणि तोंडाचा थोडा उतरतो. आजार जिथे होता तिथेच असतो. एचपीव्हीची वाढ एवढ्याने समजावता येत नाही, ती खरी आहे. पण छोट्या चढ-उतारावर मोठी विधानं करणाऱ्यांनी आधी कागद कसे लिहिले गेले होते ते पाहावं, असं मला फार वाटतं.

आता दादांच्या प्रश्नाकडे येते. ‘न खाणाऱ्यालाही होतोय.’ हे खरं आहे. पण त्यावरून ते जे अनुमान काढताहेत, ते चुकीचं आहे. त्यांच्यासमोर कागद-पेन घेऊन बसा आणि हा हिशेब मांडा. समजा पूर्वी घशाच्या कॅन्सरचे 100 रुग्ण होते, त्यात 80 तंबाखूवाले आणि 20 कधीच न खाणारे. पुढे लोकांनी तंबाखू सोडली, म्हणून 80 चे 30 झाले. एचपीव्हीमुळे 20 चे 30 झाले. आता एकूण 60 रुग्ण, त्यात निम्मे कधीही तंबाखू न घेतलेले. मथळा काय होणार? ‘घशाच्या कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांनी तंबाखूला कधी हातही लावलेला नाही.’ त्यातलं अक्षर न् अक्षर खरं. पण 50 माणसं या आजारातून वाचली ती तंबाखू सुटल्यामुळे, हे त्या मथळ्यात कुठेच दिसत नाही. न खाणाऱ्यांचा वाटा मुख्यतः वाढला तो खाणारे कमी झाल्यामुळे. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण तंबाखू सुटत चाललेल्या देशांत घडतं ते याच जातीचं.

वाटा आणि धोका यांत अशी गल्लत होते. वाटा सांगतो की रुग्णांमध्ये कोण किती आहेत. धोका सांगतो की तुमच्यासारख्या हजार माणसांपैकी किती जणांना आजार होईल. दादांना हवाय तो धोका. त्याबद्दल अमेरिकेत 1988 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितलं की, रोज दोन किंवा त्याहून जास्त पाकिटं सिगारेटी आणि चारहून जास्त पेग दारू घेणाऱ्यांत तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका दोन्ही न घेणाऱ्यांच्या 35 पटींहून अधिक होता. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, हिशेब गुणाकाराकडे जातो. दादा दारू घेत असतील तर तीही सोडायला सांगा, हे तुम्ही विचारलेलं नसलं तरी.

आणि सोडून काय मिळतं? अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की, सिगारेट सोडल्यावर पहिल्या 1 ते 4 वर्षांतच डोकं-मानेच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालेला असतो. वीस वर्षांनंतर तो कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो. दादा नेमके त्या पहिल्या टप्प्यात आहेत. त्यांनी मिळवलंय, आणि अजून बरंच मिळायचं बाकी आहे. आत्ता पुन्हा सुरू केलं तर ही कमाई पाण्यात जाईल. एचपीव्हीच्या कॅन्सरलासुद्धा तंबाखूची पर्वा नाही असं समजू नका. एचपीव्ही असलेले रुग्ण उपचारांना चांगली दाद देतात. 2010 च्या एका अभ्यासात त्यांच्यातले 82 टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर एचपीव्ही नसलेल्यांतले 57 टक्के. पण एचपीव्ही असूनही ज्यांनी जास्त सिगारेटी ओढलेल्या होत्या, त्यांची ही चांगली बाजू कमी झाली होती.

मग सगळ्यांनी स्कॅन करून घ्यावेत का? नको. काही त्रास नसताना घशाचे स्कॅन करून फायदा होतो असा पुरावा नाही. तोंड नुसतं नीट बघण्याचा मात्र आहे, तोही दादांसारख्यांसाठी. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते काही गावांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासत, उरलेल्या गावांत नेहमीचंच चालू होतं. 2005 मध्ये निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गावांत 34 टक्क्यांनी कमी होते. जे कशातच नव्हते त्यांना तेवढा फायदा दिसला नाही. म्हणून या चट्ट्याचं काहीही निघो, दादांनी दरवर्षी एकदा तोंड तपासून घ्यावं. मधल्या काळात न भरणारा व्रण, लाल-पांढरा चट्टा, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकल्यासारखं होणं, एकाच कानात ठणका, तोंड पूर्वीइतकं न उघडणं किंवा मानेत न दुखणारी गाठ यांपैकी काहीही जाणवलं, तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. मानेतली गाठ तर तुम्हीही विसरू नका. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा पहिलं लक्षण तेवढं एकच असतं, आणि साधी सूज म्हणून महिनोन् महिने औषधं घेतली जातात.

आता मुलाबद्दल. 12 हे वय अगदी योग्य आहे. एचपीव्हीची लस मुलींची म्हणून ओळखली जाते, कारण ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आली. पण घशात हा कॅन्सर पुरुषांना स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त होतो. ऑस्ट्रेलियाने 2013 पासून मुलग्यांनाही ही लस द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2020 मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरपासून बचाव हा तिच्या उपयोगांत जोडला. कोस्टा रिकात स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, लस घेतलेल्यांच्या तोंडात चार वर्षांनी या विषाणूचे दोन मुख्य प्रकार 93 टक्के कमी सापडले. लस घेतलेली मुलं अजून तरुण आहेत आणि हा कॅन्सर बहुतेकदा पन्नाशी-साठीत होतो, त्यामुळे घशाच्या कॅन्सरचा आलेख उतरलेला दिसायला वेळ लागेल. तोवर ‘लस देऊनही वाढतोच आहे’ असं कुणी म्हणालं तर गोंधळू नका.

हा विषाणू शरीरसंबंधातून, तोंडावाटेही, पसरतो. लागण पुष्कळ जणांना होते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. त्यामुळे ज्याला हा कॅन्सर झाला त्याच्या चारित्र्याबद्दल बोलणं अन्यायाचं आहे. लस संबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी द्यायची असते, कारण आधीच झालेली लागण तिने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या सूचनेनुसार 9 ते 14 या वयात एक किंवा दोन डोस पुरतात, उशीर केला तर डोस वाढू शकतात. म्हणून बालरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीतच विचारा. लस आणि डोस दोन्ही ते ठरवतील. लस दिली म्हणून तंबाखू-सुपारीचा धोका टळला असं मुलाला वाटू देऊ नका. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरशी एचपीव्हीचा संबंध नाही, आणि त्यावर लस नाही.